करंज तेल, बॅच सात

सिव्हिल लाइन्समधल्या करंजांखाली
बेबीबाई सलामे पहाटेच शेंगा वेचून घेते,
झाडूवाल्या बाया यायच्या आधी.
दहाच्या बसनं पोतं हिंगण्याला येतं.
कंडक्टर पोत्याचंही अर्धं तिकीट फाडतो.

गेटवर वजनकाटा. सव्वाचौदा किलो.
ती एक शेंग नखानं फोडून दाखवते,
आत एकच बी, तांबूस, चपटी,
पोपटाच्या जिभेसारखी.
"कायले लागते हे येवढं तुमाले?"
मी सांगते, उन्हासाठी. चेहऱ्याला लावायचं क्रीम.
"कोनाच्या चेहऱ्याले?"
आणि स्वतःच हसते, पदर तोंडावर धरून.
"आमी त बैलाच्या मानीले लावतो बाप्पा.
नाही त खरजेले."

वर लॅबमध्ये
काचेच्या नळीत हेक्झेन चढतं, उतरतं,
चढतं, उतरतं, सहा तास,
आणि तळाशी साठतं काळपट तेल, कडू,
गोठ्यातल्या जुन्या दिव्याच्या वासाचं.

आम्ही ते चिकटपट्टीवर बोटानं पसरतो,
पट्टी मशीनमध्ये सरकवतो.
मशीन तिच्यावर न दिसणारा प्रकाश टाकतं
आणि पलीकडे किती पोचला ते मोजतं.
तीनशे दहाच्या आसपास आलेख फुगतो,
बैलाच्या वशिंडासारखा.
मला वाटतं, हे झाड रस्त्यावर जी सावली पाडतं
तिचा थोडा वाटा बीच्या गाठीला बांधून ठेवत असेल.
हे वाक्य मी अहवालात लिहीत नाही.

बॅच सात: अकरा.
निखाडे साहेबांनी डबी नाकाशी नेली
आणि तेवढ्याच वेगानं लांब केली.
"वास घालवा. पोरी हे लावून कॉलेजात जातील का?"
मग वाफ दिली, मातीतून गाळलं,
कोळशातून दोनदा गाळलं.
तेल झालं फिकट, निर्मळ,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखं गप्प.
बॅच आठ: चार.
वासासोबत सावलीही निघून गेली होती.
साहेब म्हणाले, चालेल. बाकीचं झिंक सांभाळेल.
डबीवर करंजाचं पान मोठं छापू.

उरलेलं सात नंबर मी बामच्या रिकाम्या बाटलीत भरलं.
नियमात बसत नाही.
डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर,
दोन बाय दोन सेंटीमीटर,
रोज निघताना.

शहर दुपट्ट्यांत बांधलेलं.
सिग्नलला नुसते डोळे उभे असतात.
मी तेवढी एक बाही कोपरापर्यंत दुमडून स्कूटी चालवते,
मागचे हॉर्न देतात, वेडी म्हणत असतील.
पारा चव्वेचाळीस, पंचेचाळीस,
एकदा सत्तेचाळीसला टेकून परत.
पर्समध्ये आईनं दिलेला कांदा,
लू लागू नये म्हणून.
मी एमएस्सी केमिस्ट्री. तरी फेकत नाही.

एकविसाव्या दिवशी हात पुरता मे महिन्याचा झाला,
उकळून विसरलेल्या चहाच्या रंगाचा.
तो चौकोन मात्र
अजून मार्चमध्येच.

बेबीबाई शेवटचं पोतं घेऊन आली.
अर्धंच भरलेलं. झाडांवरच्या शेंगा सरल्या.
पैसे दोनदा मोजले, कनवटीला खोचले,
मग तिची नजर माझ्या हातावर गेली.
हात तिनं ओढून घेतला, उन्हात धरला,
वास घेऊन ओळखला.
तिच्या स्वतःच्या हातांवर
कुठलाच महिना वाचता येत नव्हता.

तिनं त्या चौकोनावर अंगठा ठेवला.
अंगठ्याखाली तो सगळाच्या सगळा झाकला गेला.

"येवढीच सावली?"